नळाला कल्हई
(नभोवाणीवरील भाषण)



पितळेच्या भांड्यात ताक ठेवू नये, ते कळकते, ही गोष्ट आपल्या घरांत कोणी पुस्तकातून शिकत नाही. भांड्याला कल्हई असेल तर चालते. कल्हई उडाली की आंबट पदार्थ त्या भांड्यात क्षणभरही ठेवायचा नाही. कल्हईवाला पूर्वी दारोदार फिरत असे. भात्याने निखारे फुलवायचे, तापलेल्या पातेल्यात नवसागराची पूड टाकायची आणि कथलाची कांडी फिरवून आतून रुपेरी थर चढवायचा, एवढीच त्याची विद्या. या विद्येच्या पोटी रसायनशास्त्रातले एक मोठे तत्त्व दडलेले आहे. आम्ल पदार्थ धातू विरघळवतो. मध्ये न विरघळणारा थर असला की धातू जागच्या जागी राहतो.

अशाच एका कळकण्याविषयी आज चार शब्द बोलायचे आहेत. ताक नव्हे, पाणी कळकते. आणि तेही भांड्यात नव्हे, तर शहराच्या व घराच्या नळांत कळकते. या कळकण्याचा हिशेब आपण पाणी पितो तेथे सहसा दिसत नाही. तो दिसतो शहराच्या दुसऱ्या टोकाला, मैलापाण्याच्या शुद्धीकरण केंद्रात उरणाऱ्या गाळात. विषय ऐकून कोणी नाक मुरडले असेल तर त्यांची हरकत रास्त आहे. पण हाच गाळ पुढे खत म्हणून शेतात जातो, आणि त्या शेतातली भाजी आपल्याच ताटात येते, हेही ध्यानात असू द्यावे.

मैलापाणी शुद्ध करतात म्हणजे काय करतात? प्रथम जड घाण तळाशी बसू देतात. मग सूक्ष्म जंतूंच्या साहाय्याने विरघळलेली घाण खाववून घेतात. हे जंतू वाढतात, त्यांचे पुंजके होतात, तेही खाली बसतात. वरचे नितळ पाणी नदीत सोडतात. खाली उरतो तो गाळ. त्यात नत्र असते, स्फुरद असते, सेंद्रिय द्रव्य भरपूर असते. म्हणूनच खत या नात्याने त्याला मोल आहे. परंतु पाण्यातील तांबे, शिसे, जस्त हे धातूही जंतूंच्या या पुंजक्यांना चिकटतात आणि त्यांच्याबरोबर खाली येतात. जंतू धातू खाऊ शकत नाहीत. धातू कुजत नाही, आंबत नाही, उडून जात नाही. केंद्राचे काम जितके चांगले, तितके नदीत जाणारे पाणी स्वच्छ आणि तितकाच गाळ धातूंनी भारलेला, असा हा विचित्र न्याय आहे.

किती भारलेला, हे साध्या त्रैराशिकाने काढता येते. सुमारे १० लाख लिटर मैलापाणी शुद्ध केले म्हणजे ढोबळमानाने २०० ते २५० किलो कोरडा गाळ निघतो. समजा, त्या पाण्यात लिटरमागे एक दशांश मिलिग्रॅम तांबे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी सांगितलेली मर्यादा लिटरमागे २ मिलिग्रॅम आहे. म्हणजे आपले तांबे तिच्या विसाव्या हिश्श्याएवढे. पिणाऱ्याला त्याची बाधा नाही. आता १० लाख लिटरांत हे तांबे १०० ग्रॅम झाले. त्यातले ८५ ग्रॅम गाळात उतरले आणि गाळ २५० किलो निघाला, तर दर किलो गाळात तांबे पडले ३४० मिलिग्रॅम. आपल्या देशाच्या खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टाला तांब्याची मर्यादा आहे किलोमागे ३०० मिलिग्रॅम. अमेरिकेतील उत्तम प्रतीच्या गाळाची मर्यादा बरीच सैल, म्हणजे १५०० मिलिग्रॅम आहे, हेही सांगितले पाहिजे. पण मुद्दा आकड्याचा नसून प्रमाणाचा आहे. पिण्यास निर्धोक असलेले पाणी खताला मात्र नापास करू शकते. वर्गात हे गणित घातले की मुले एकदम गप्प होतात. उत्तर चुकले असे त्यांना वाटते.

हे धातू येतात कोठून? पहिला संशय साहजिकच कारखान्यांवर जातो. मुलामा देणारे, कातडी कमावणारे, रंग करणारे कारखाने आपले पाणी गटारात सोडतात. अमेरिकेत १९७० नंतरच्या काळात या कारखान्यांवर बंधने आली आणि गटारात सोडण्यापूर्वी आपले पाणी आपणच शुद्ध करणे त्यांना भाग पडले. त्याचा परिणाम दिसला. कॅडमियम, क्रोमियम, निकेल हे धातू गाळात पुष्कळ कमी झाले. पण तांबे आणि शिसे त्या मानाने हटेनात. जेथे नाव घेण्यासारखा कारखाना नाही, अशा निव्वळ वस्तीच्या गावांतील गाळातही ते सापडू लागले. तेव्हा अभियंत्यांची नजर घरांकडे वळली. घरोघरचे तांब्याचे नळ, त्यांचे शिशाने डाखलेले सांधे, पितळी तोट्या, आणि रस्त्यातील मुख्य नळापासून घरापर्यंत आलेली जुनी शिशाची नळी हेच खरे उगमस्थान निघाले.

शिशाचे नळ ही काही आजची गोष्ट नव्हे. लॅटिन भाषेत शिशाला प्लुम्बुम म्हणतात. नळ दुरुस्त करणाऱ्याला आपण प्लंबर म्हणतो ते त्यावरून, आणि रसायनशास्त्रात शिशाची खूण पीबी ठरली तीही त्याच शब्दावरून. रोमन स्थापत्यकार वित्रुव्हियस याने दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवले आहे की, शिशापेक्षा मातीच्या नळांतून आणलेले पाणी आरोग्याला बरे. त्याचे कोणी ऐकले नाही. शिसे मऊ असते, हवे तसे वाकते, गंजत नाही. कारागिराला एवढे पुरे होते.

मात्र त्याच नळातून एका गावी शिसे उतरते आणि दुसऱ्या गावी उतरत नाही. हा सारा पाण्याच्या स्वभावाचा प्रश्न आहे. चुनखडीच्या प्रदेशातून आलेले जड पाणी नळाच्या आत हळूहळू क्षारांचा पापुद्रा धरते. पावसाचे पाणी कठीण खडकावरून वाहत येऊन तलावात साठले, तर ते हलके व किंचित आम्ल राहते. हे हलके पाणी साबणाला चांगले, चवीला गोड, दिसायला काचेसारखे. आणि धातूला तेच सर्वांत भुकेले. रात्रभर नळात ते स्थिर उभे राहिले की सकाळच्या पहिल्या तांब्याभर पाण्यात त्या भुकेचा पुरावा मिळतो.

अमेरिकेतील बॉस्टन शहराची कथा या बाबतीत सांगण्यासारखी आहे. या शहराचे पाणी शंभरएक किलोमीटरवरील क्वॉबिन नावाच्या प्रचंड जलाशयातून येते. तो बांधण्यासाठी डाना, एनफील्ड, ग्रीनिच आणि प्रेस्कॉट ही चार गावे १९३८ मध्ये कायद्याने विसर्जित झाली. माणसे उठली, कबरीसुद्धा उकरून दुसरीकडे नेल्या. धरणाखाली गेलेल्या गावांच्या कथा आपल्याकडेही घरोघर आहेत, म्हणून हा उल्लेख केला. एवढी किंमत देऊन मिळालेले हे पाणी अत्यंत निर्मळ, पण अत्यंत हलके. आणि बॉस्टनच्या जुन्या घरांत शिशाच्या नळ्या व तांब्याचे नळ. दुसरीकडे, या शहराचा मैलागाळ वर्षानुवर्षे बंदरातच सोडला जाई. डिसेंबर १९९१ मध्ये ते थांबले, आणि गाळ वाळवून त्याच्या गोळ्या करून त्या खत म्हणून विकण्याचे काम जवळच्या क्विन्सी येथे सुरू झाले. समुद्रात टाकताना गाळात तांबे किती, शिसे किती, हे फारसे कोणाला नडत नव्हते. खत म्हणून विकायचे ठरल्यावर दर मिलिग्रॅमचा हिशेब देणे आले.

सुदैवाने तेथे पाणी पुरवणारी आणि मैलापाणी वाहून नेणारी संस्था एकच होती, ती म्हणजे १९८४ मध्ये कायद्याने स्थापन झालेले मॅसॅच्युसेट्स जलसंपदा प्राधिकरण. १९९१ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने शिसे व तांबे यांविषयी नवा नियम केला होता. त्याला अनुसरून १९९६ मध्ये या संस्थेने पिण्याच्या पाण्यात धुण्याचा सोडा आणि कार्बन डायऑक्साइड वायू मोजून मिसळण्यास आरंभ केला. सोड्याने पाण्याची आम्लता गेली, त्याचा सामू चढला. वायूने ते चढलेले स्थिर राहिले. नळाच्या तोटीतले शिसे पुढे फार मोठ्या प्रमाणात उतरले. आणि मैलापाण्याच्या केंद्रात एकही नवे यंत्र न बसवता गाळातील तांबे व शिसेही उतरू लागले. खताची सुधारणा झाली ती खताच्या कारखान्यात नव्हे, तर डोंगरापलीकडच्या जलशुद्धीकरण केंद्रात.

दुसरा उपाय खऱ्या अर्थाने कल्हईचा आहे. पाण्यात फॉस्फेटचा अल्पसा अंश, लिटरमागे एखादा मिलिग्रॅम, सोडला म्हणजे नळाच्या शिशाशी त्याचा संयोग होऊन एक जवळजवळ न विरघळणारे खनिज तयार होते. त्याचा पातळ थर नळाच्या आतल्या बाजूला धरतो. तो डोळ्यांना दिसत नाही. तो लावायला कोणी कल्हईवाला नळात शिरत नाही. पाणीच तो लावत जाते. स्कॉटलंडमधील ग्लासगो शहराला १८५९ पासून लोख कॅट्रिन या सरोवराचे पाणी मिळते. व्हिक्टोरिया राणीने स्वतः येऊन त्या योजनेचे उद्घाटन केले होते. तेही पाणी असेच हलके आणि घरेही शिशाच्या नळांची. तेथे १९७८ मध्ये पाण्यात चुना मिसळू लागले, १९८९ पासून फॉस्फेट. गर्भवती स्त्रियांच्या रक्तातील शिशाचे प्रमाण त्यानंतर स्पष्टपणे घटले. आज ब्रिटनमधील बहुतेक सार्वजनिक पाणीपुरवठ्यात फॉस्फेट घातले जाते.

पण कल्हई फुकट लागत नाही. फॉस्फेट देण्याचा एक प्रकार म्हणजे जस्ताचे फॉस्फेट. त्याने शिसे थांबते, पण पाण्यात घातलेले जस्त जाईल कोठे? लिटरमागे ०.३ मिलिग्रॅम जस्त घातले आणि त्याचा तीन-चतुर्थांश भाग गाळात उतरला, तर मघाच्याच गणिताने दर किलो गाळात ९०० मिलिग्रॅम जस्ताची भर पडते, आणि शहरी कंपोस्टाची जस्ताची मर्यादा आहे १००० मिलिग्रॅम. एका धातूला हाकलताना दुसऱ्याला घरात घेतल्यासारखे हे होते. म्हणून गाळ शेतात देणारी शहरे बहुधा जस्ताविना साधे फॉस्फेटच पसंत करतात. तेही सर्वस्वी निरुपद्रवी नाही. स्फुरद वाढले की ते नदी-तलावांत शेवाळ माजवते, म्हणून मैलापाणी केंद्राला ते काढावे लागते आणि गाळ आणखी वाढतो.

तुरटीचेही असेच आहे. पावसाळ्यात गढूळ पाण्याच्या घागरीत तुरटीचा खडा फिरवण्याची आपली रीत मोठ्या प्रमाणावर जलशुद्धीकरण केंद्रात चालते. तेथे तळाशी बसलेला तुरटीचा गाळ काही शहरे थेट गटारात सोडून मैलापाणी केंद्राच्या माथी मारतात. त्याने मैलागाळात ॲल्युमिनियम वाढते. ॲल्युमिनियम स्फुरदाला घट्ट धरून ठेवते. नदीच्या दृष्टीने हे चांगले, पण पिकाच्या मुळांना तेच स्फुरद मिळेनासे होते. तुरटीऐवजी लोहाचे क्षार वापरावेत, तर ते पुष्कळदा दुसऱ्या कारखान्यांच्या टाकाऊ आम्लापासून केलेले असतात. त्यांतून इतर धातूंचा अंश येऊ शकतो. माल घेताना तो तपासूनच घेतला पाहिजे, एवढेच यावर म्हणता येते. बॉस्टनमध्ये तर आणखी एक गंमत झाली. उन्हाळ्यात तेथील गाळात मॉलिब्डेनम नावाचा धातू वाढू लागला. शोध घेता तो निघाला मोठमोठ्या इमारतींच्या वातानुकूलन यंत्रांतून. त्यांच्या शीतकरण मनोऱ्यांतील पाण्याने लोखंड गंजू नये म्हणून त्यात मॉलिब्डेनमचे क्षार घालत असत. गंज थांबवण्याचे औषधच गाळात येऊन बसले होते!

आता मिशिगन राज्यातील फ्लिंट शहराकडे वळू. लाखाच्या आसपास वस्तीचे हे शहर डेट्रॉइटकडून पाणी विकत घेई. त्या पाण्यात फॉस्फेट असे. एप्रिल २०१४ मध्ये खर्च वाचवण्यासाठी शहराने स्वतःच्या नदीचे पाणी शुद्ध करून देण्यास आरंभ केला. त्या पाण्यात क्लोराइड अधिक होते आणि फॉस्फेट घालण्याचे सोडूनच दिले. पिढ्यान्‌पिढ्यांची कल्हई नळांतून सुटू लागली. त्याच वर्षी ऑक्टोबरात जनरल मोटर्सच्या इंजिनांच्या कारखान्याने, आपले सुटे भाग गंजतात म्हणून, हे पाणी घेणे बंद केले. नागरिकांना मात्र पाणी ठीक असल्याचे सांगण्यात येत होते. नमुने घेण्याची पद्धतही सदोष होती. नमुन्याच्या आधी नळ काही वेळ सोडून ठेवावा, अशी सूचना लोकांना दिलेली असे. म्हणजे रात्रभर साचलेले, शिसे मुरलेले पाणी वाहून गेल्यावर मग बाटली भरायची! लहान मुलांच्या रक्तात शिसे वाढल्याचे एका बालरोगतज्ज्ञ डॉक्टर बाईंनी २०१५ च्या सप्टेंबरात आकड्यांनिशी दाखवले, आणि ऑक्टोबरात शहर पुन्हा डेट्रॉइटच्या पाण्यावर गेले.

मधल्या अठरा महिन्यांत नेमके किती शिसे आले आणि केव्हा आले? घराघरांतले नमुने अपुरे आणि अविश्वसनीय होते. परंतु शहराच्या मैलापाणी केंद्रात, खतासंबंधीच्या नियमामुळे, गाळातील धातूंची नियमित तपासणी होऊन नोंद ठेवली जात होती. ती नोंद पाण्यासाठी नव्हतीच. म्हणून तिकडे कोणाचे लक्ष नव्हते, आणि म्हणूनच तिच्यात कोणी ढवळाढवळ केलेली नव्हती. मार्क एडवर्ड्स या प्राध्यापकांच्या गटाने तीच चोपडी उघडली आणि २०१९ मध्ये आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. गाळातील शिशाचा चढउतार आणि मुलांच्या रक्तातील शिशाचा चढउतार एकमेकांशी जुळत होता. जादा शिशाचा बराचसा भाग २०१४ च्या उन्हाळ्यातील थोड्या महिन्यांतच येऊन गेला होता. ऊन पाण्यात शिसे अधिक सुटते. म्हणजे लोक ओरडत होते आणि त्यांना गप्प केले जात होते, त्याच दिवसांत गाळ खरे सांगत होता. गाळाचा नमुना कोणा एका घरचा नसतो. श्रीमंताच्या आणि गरिबाच्या, तक्रार करणाऱ्याच्या आणि मुकाट्याने सोसणाऱ्याच्या नळाचे पाणी त्यात आलेले असते. नळ आधी सोडून ठेवण्याची युक्ती तेथे चालत नाही, कारण ते सोडलेले पाणीही शेवटी तेथेच पोचते.

आपल्याकडे काय? आपल्याकडे शिशाच्या लांबच लांब नळ्यांची परंपरा नाही, आणि तांब्याचे नळही सर्रास नाहीत. आपले जुने नळ जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी, म्हणजे जी. आय. पाइप, नवे बहुतेक पीव्हीसीचे. जी. आय. पाइपातून जस्त उतरते. पितळी तोट्यांत शिशाचा अंश असतो. पीव्हीसीत पूर्वी शिशाचे क्षार स्थिरतेसाठी घालत. त्याला आवर घालणारे नियम केंद्र सरकारने २०२१ मध्ये केले. शिवाय आपले पाणी दिवसातून तास-दोन तास येते. नळ रिकामे होतात, हवा आत शिरते, गंज सुटतो, आणि पाणी आल्याबरोबर पहिली बादली तांबूस निघते. कारखान्यांचे पाणीही पुष्कळ ठिकाणी अजून त्याच गटारात मिसळते, तेव्हा परदेशाप्रमाणे सारा दोष घरच्या नळांवर टाकणे आपल्याला शोभणार नाही.

बडोद्याच्या श्रोत्यांना ठाऊक असेल, तेथे गाजरावाडीच्या मैलापाणी केंद्रात भाभा अणुसंशोधन केंद्राने कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांनी गाळ निर्जंतुक करण्याची सोय १९९० च्या दशकात उभारली. रोगजंतू मारण्याच्या कामी हा उपाय खरोखर बिनतोड आहे. पण गॅमा किरणाने शिशाचा अणू मरत नाही. इंदुरात १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड यांनी, यशवंत वाड यांच्या साहाय्याने, काडीकचरा आणि शेण यांपासून खत करण्याची जी पद्धत बसवली ती इंदूर पद्धत म्हणून जगभर गेली. तीही सेंद्रिय द्रव्य कुजवते, धातूला हात लावीत नाही. धातू गाळात शिरल्यावर तो काढण्याचा स्वस्त मार्ग आजही नाही. तो शिरण्याआधीच अडवावा लागतो.

असे असताना आपल्या नगरपालिकांत पाणीपुरवठ्याचे टेबल एका खोलीत आणि मलनिस्सारणाचे दुसऱ्या खोलीत असते. एकाच्या दप्तरात पाण्याचा सामू लिहिलेला, दुसऱ्याच्या दप्तरात गाळातले जस्त. हे दोन आकडे महिन्यातून एकदा एका कागदावर आणायला किती खर्च येईल? एका कारकुनाचा अर्धा दिवस. हे करणारी पालिका मला पाहायला आवडेल.

शेवटी शेताविषयी. शेतात पडलेला धातू सगळाच पिकात चढतो असे नाही. शिसे बहुतांशी मातीतच राहते. पालेभाजी नीट धुतली तर वर बसलेली माती जाते. जस्त आणि कॅडमियम मात्र मुळांतून वर चढतात, आणि माती आम्ल असेल तर अधिकच. येथे पुन्हा नळातलाच न्याय लागू होतो. माळव्याची आणि बडोद्याकडची काळी जमीन बहुधा अल्कधर्मी. तेथे धातू मातीला बांधलेला राहतो. गोव्यात, आणि बेळगावच्या पश्चिमेला घाटाकडे, जांभी माती आम्ल असते; तेथे तोच गाळ, तेवढाच टाकला, तरी जस्त व कॅडमियम पिकाला जास्त पोचते. तेव्हा जांभ्या जमिनीवर मैलागाळाचे खत टाकायचे असेल तर आधी मातीचा सामू तपासून घ्यावा आणि जरूर तर चुना घालावा. आणि त्या वर्षी त्या वाफ्यात पालक किंवा माठ न लावता दुसरे काही लावावे.